वीदा: गावापासून समुद्रापर्यंतचे चार किलोमीटर

किनारपट्टी (मूळ लेखन)

काजू बीच्या खरेदीसाठी मी काही वर्षे हंगामात पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशात जात असे. कोकणातल्या कारखान्यांना वर्षभर चालण्याइतकी स्थानिक बी मिळत नाही, म्हणून ती आफ्रिकेतून आणावी लागते, आणि आमची खरेदी कोतोनूच्या बंदरातून निघत असे. माझा मुक्कामही तिथेच असे. कोतोनूच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर वीदा नावाचे गाव आहे आणि तिथून एके काळी माणसे विकली जात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. तरी दोन हंगाम मी तिकडे फिरकलो नाही. कामातून सवड मिळत नव्हती हे खरे, पण तशा जागी बघ्यासारखे उभे राहायला मन धजत नव्हते हे त्याहून अधिक खरे. तिसऱ्या वर्षी जहाज धक्क्याला लागायला चार दिवसांचा उशीर झाला, तेव्हा गेलो. त्यानंतर आणखी दोनदा गेलो. तिन्ही भेटींत जे पाहिले आणि नंतर जे वाचले, ते येथे मांडतो आहे.

फ्रेंच बोलणारे लोक गावाला वीदा म्हणतात, इंग्रजांच्या कागदांत ते व्हायडा आहे, पोर्तुगिजांच्या तोंडी अजुदा. गावातली फॉन भाषा बोलणारी माणसे त्याला ग्लेहुए म्हणतात आणि त्याचा अर्थ शेतघर असा सांगतात. पूर्वी हा भाग हुएदा नावाच्या छोट्या राज्यात होता. त्याची राजधानी सावी ही वीदाच्या उत्तरेस होती. १७२७ साली उत्तरेकडच्या दाहोमे राज्याचा राजा अगाजा याने हुएदा जिंकले, आणि पुढची सुमारे दीडशे वर्षे वीदा हे दाहोमेचे व्यापारी ठाणे राहिले. या किनाऱ्यावरून जहाजांत चढवलेल्या गुलामांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेतून एकूण सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे या एका गावाचा वाटा किती मोठा होता ते कळते. अंगोलातले लुआंडा बंदर सोडले तर एका जागेवरून एवढी माणसे दुसरीकडून कुठूनही गेली नाहीत.

माझ्या डोळ्यांपुढे बंदर म्हणजे धक्का, बुरूज आणि खोल पाणी असे चित्र होते. वीदात यातले काहीच नाही. गाव समुद्रापासून चार किलोमीटर आत आहे, आणि गाव व किनारा यांच्यामध्ये आपल्याकडच्या खाजणासारखी उथळ पाण्याची लांबलचक पट्टी आहे. किनारा सरळसोट असून लाटा इतक्या जोराने फुटतात की जहाजाला जवळ येणे अशक्य. जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत, आणि माल व माणसे एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्यांतून ने-आण करावी लागत. त्या लाटांतून होडी काढणे वीदाच्या लोकांनाही जमत नसे, म्हणून पश्चिमेकडच्या गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानामधून, वल्हेकरी आणले जात. होड्या उलटत आणि माणसे बुडत. शिवाय या पाण्यात शार्क होते.

युरोपियांचे किल्लेही घानाच्या किनाऱ्यावरच्या दगडी गढ्यांसारखे नव्हते. इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज यांचे तीन किल्ले गावात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मातीच्या भिंतींचे होते. किनाऱ्यावर तोफा रोखून बसण्याची मुभा दाहोमेच्या राजाने कुणालाही दिली नाही. गोऱ्या व्यापाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी राजाचा एक अधिकारी गावात बसे आणि त्याचे पद योवोगान असे होते. योवो म्हणजे परका गोरा माणूस आणि गान म्हणजे प्रमुख. आजही वीदाच्या गल्लीतून परका माणूस जाऊ लागला की लहान मुले मागून ‘योवो, योवो, बोंस्वार’ असे गात येतात. माझ्या सावळ्या रंगाचा त्यांच्या दृष्टीने काही फरक पडला नाही. पहिल्या भेटीत मी हसून हात हलवला होता. योवोगान या पदाविषयी वाचल्यानंतरच्या भेटीत तो शब्द ऐकताना पाय थबकले.

समुद्राकडे जाणाऱ्या वाटेला आता गुलामांचा मार्ग म्हणतात. ती चाचा चौकापासून सुरू होते. चाचा हा फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा याचा किताब. हा ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला माणूस. १८१८ साली गेझो याने आदांदोझान राजाला पदच्युत करून दाहोमेची गादी घेतली, तेव्हा या द सोझाने त्याला मदत केली आणि बदल्यात वीदाच्या व्यापारात अग्रस्थान मिळवले. १८४९ साली तो मरण पावला. त्याचे वंशज आजही गावात राहतात, चाचा हा किताबही घराण्यात चालू आहे, आणि ज्या चौकात माणसांचा बाजार भरत असे असे सांगतात, त्या चौकाला त्याचेच नाव आहे.

तिथून मातीच्या तांबड्या रस्त्याने निघाले की दुतर्फा पुतळे लागतात आणि वाटाड्या एकेका ठिकाणी थांबवतो. विस्मरणाच्या झाडाच्या जागी सांगतात की येथे पुरुषांना नऊ आणि स्त्रियांना सात फेरे घालायला लावत, म्हणजे त्यांना आपले गाव, नाव आणि देव विसरायला होत असे. पुढे झोमाई म्हणजे ‘जिथे उजेड जात नाही’ ती जागा, जिथे माणसांना अंधाऱ्या कोठारांत कोंडून ठेवत. त्यापुढे झुंगबोजी या वस्तीत, वाटेतच मेलेल्यांना एकत्र पुरले त्या जागेवरचे स्मारक. मग परतीचे झाड: देह परत येणार नाही, निदान आत्मा तरी यावा म्हणून त्याला तीन फेरे घालत, असे सांगतात. शेवटी खाजण ओलांडले की वाळूत १९९५ साली उभारलेली ‘न परतण्याची कमान’ दिसते. तिच्यावर साखळीने बांधलेल्या नग्न माणसांच्या दोन रांगा समुद्राकडे चाललेल्या कोरल्या आहेत.

बहुतेक पाहुणे ही वाट झेमिजान, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मोटारसायकलवरून, किंवा गाडीने पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. मी पहिल्यांदा तसेच केले आणि परतल्यावर हातात फक्त छायाचित्रे उरली. दुसऱ्या वेळी सकाळी सातला चौकातून पायी निघालो. उन्हाने कातडी चरचरत होती, बराच वेळ सावली नव्हती, आणि अर्ध्या वाटेपर्यंत समुद्राचा आवाजसुद्धा येत नव्हता. ज्यांनी कधी समुद्र पाहिलेला नव्हता अशा आतल्या मुलखातल्या माणसांना तो आवाज प्रथम कुठे ऐकू आला असेल, हे मी वाटाड्याला विचारले. त्याने झुंगबोजीच्या पुढचे एक वळण दाखवले. ते वळण कुठल्याही माहितीपत्रकात नाही, पण माझ्या लेखी त्या वाटेवरची ती सर्वांत महत्त्वाची जागा आहे.

या गावी किंवा सेनेगलमधले गोरे बेट, घानामधले केप कोस्ट, एल्मिना अशा ठिकाणी कुणी गेले असल्यास कृपया लिहावे. विशेषतः त्या झाडांच्या कथांविषयी कुणाला अधिक माहिती असेल तर हवी आहे.

जुनी_नाणी

अत्यंत मनापासून लिहिले आहे. वीदाच्या व्यापारात आपल्या बाजूच्या समुद्रातली एक वस्तू केंद्रस्थानी होती, तिचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. ती म्हणजे कवडी.

वीदाच्या बाजारात कवडी हे रोजचे चलन होते आणि माणसांच्या किमतीचा मोठा भाग कवड्यांत चुकता होत असे. त्या कवड्या आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर सापडत नाहीत. त्या मालदीवच्या उथळ पाण्यातून वेचल्या जात, श्रीलंका आणि बंगालमार्गे डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांत नीरम म्हणून, म्हणजे जहाज डोलू नये यासाठी तळाशी टाकायचे वजन म्हणून भरल्या जात, ॲमस्टरडॅम आणि लंडन येथे त्यांचा लिलाव होई आणि तिथून त्या गिनीच्या किनाऱ्याकडे रवाना होत. एकट्या अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरल्या. त्यांच्याबरोबर गुजरातचे आणि कोरोमंडलचे सुती कापडही जात असे.

मोजण्याची रीत ठरलेली होती. ४० कवड्यांची एक माळ. अशा पाच माळा, म्हणजे २०० कवड्या, म्हणजे एक ‘गालिन्या’. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ कोंबडी. वीस गालिन्या, म्हणजे ४००० कवड्या, म्हणजे एक ‘काबेसा’, अर्थात डोके. माणसाची किंमत इतकी इतकी डोकी अशी सांगितली जात असे, आणि अठराव्या शतकात ती कित्येक पटींनी वाढत गेली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन आणि इतर व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या बाजूची मोठ्या आकाराची स्वस्त कवडी त्या किनाऱ्यावर ओतली आणि ते चलनच कोसळले.

मी नाण्यांचा अभ्यासक आहे आणि आमच्या घरी तुळजाभवानीची कवड्यांची माळ आहे. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द लहानपणापासून सहज वापरत आलो. ही हिशोबाची रीत वाचल्यानंतर कवडीमोल हा शब्द लिहिताना मी थांबतो.

किनारपट्टी

जुनी_नाणी, तुमचे मनःपूर्वक आभार. वीदाच्या बाजारात आजही कवड्या विकायला असतात. फा नावाच्या प्रश्नविद्येत आणि देवांच्या पोशाखावर त्या लागतात. मी त्या हातात घेऊन पाहिल्या होत्या, पण त्या मालदीवच्या असू शकतील हे तेव्हा डोक्यात आले नव्हते.

तळटीप

धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाविषयी लिहितो. विस्मरणाच्या झाडाची कथा ऐकताना अंगावर काटा येतो हे मान्य आहे, परंतु त्या काळी वीदात राहिलेल्या किंवा येऊन गेलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या लेखनात ती आढळत नाही. वीदाच्या सामाजिक इतिहासावर अनेक वर्षे काम केलेले इतिहासकार रॉबिन लॉ यांनी अशा स्थळांच्या प्राचीनतेविषयी शंका व्यक्त केली आहे. गुलामांच्या मार्गाची आजची मांडणी १९९० च्या दशकातली आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये वीदात व्होदुन या तिथल्या पारंपरिक धर्माच्या संस्कृतीचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, १९९४ साली युनेस्कोने गुलामांच्या मार्गाचा प्रकल्प वीदातच जाहीर केला, आणि वाटेवरचे बरेचसे पुतळे सिप्रियें तोकुदाग्बा या, दाहोमेची जुनी राजधानी असलेल्या अबोमेच्या कलावंताने त्याच सुमारास घडवले. झोमाई या नावाचाही दुसरा अर्थ लावला जातो. ‘जिथे विस्तव नेत नाहीत’ असा शब्दशः अर्थ घेतला, तर ते बंदुकीच्या दारूचे कोठार असावे असे एक मत आहे.

सेनेगलमधील गोरे बेटावरच्या गुलामघराबाबतही असाच वाद झालेला आहे. त्या घरातून लाखो माणसे गेली असे पर्यटकांना सांगितले जाई, आणि इतिहासकारांनी ते आकडे अमान्य केले.

माझा आक्षेप असा आहे की जिथे खरोखर दहा लाख माणसे विकली गेली, तिथे रचलेल्या कथेची आवश्यकता नाही. एक कथा खोटी ठरली की ज्यांना सगळेच नाकारायचे आहे त्यांच्या हाती कोलीत मिळते.

किनारपट्टी

तळटीप, तुमचा मुद्दा मला पटतो, पण पूर्णपणे नाही. तिसऱ्या भेटीत मी हाच प्रश्न वाटाड्याला विचारला. तो पन्नाशीतला, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला गृहस्थ होता. त्याने शांतपणे सांगितले की झाडाची कथा त्याने आजीकडून ऐकली नव्हती, मोठेपणी ऐकली. ‘पण आमच्या घरी एक गाणे होते, त्यात परत न आलेल्या बहिणीला हाक मारली आहे,’ असे तो म्हणाला. ते गाणे कुठल्याही स्थळावर लिहिलेले नाही, कारण तिथे पुतळा उभारण्यासारखे काही नाही.

त्यामुळे माझे मत असे झाले आहे की झाडाची कथा मागे राहिलेल्यांच्या वंशजांनी, खूप उशिरा, स्वतःसाठी लावलेला अर्थ आहे. विकणाऱ्यांना माणसांच्या स्मृतीशी काही देणेघेणे नव्हते, ते माळा मोजत होते. स्मृती पुसण्याची धास्ती नंतरच्यांची आहे, आणि ती खरी आहे. मात्र ही कथा कोणत्या काळातली आहे ते फलकावर स्पष्ट लिहिले पाहिजे, याबाबत तुमच्याशी सहमत आहे.

मांडवीतीर

मी मूळची गोव्याची. धाग्यात पोर्तुगीज किल्ल्याचा ओझरता उल्लेख आहे, त्याची गोष्ट आम्हा गोवेकरांसाठी फार जवळची आहे. साँव ज्वाँव बातिश्त द अजुदा हा किल्ला पोर्तुगिजांनी १७२१ साली बांधला. गुलामांचा व्यापार संपला, फ्रेंचांनी १८९४ पर्यंत दाहोमे जिंकून घेतले, तरी एका गावातल्या त्या इवल्याशा आवारावर पोर्तुगालचा झेंडा फडकत राहिला. शेवटी तिथे एक अधिकारी आणि त्याच्यासोबतची मोजकी माणसे एवढीच वस्ती होती. १९६० साली स्वतंत्र झालेल्या दाहोमेने (आजच्या बेनिनने) १९६१ च्या ऑगस्टच्या आरंभी तो ताब्यात घेतला, आणि शेवटच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने निघताना त्याला आग लावली. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. दोन्हींना पोर्तुगालकडून औपचारिक मान्यता मिळायला मात्र १९७४ सालच्या तिथल्या सत्तांतरापर्यंत थांबावे लागले.

द सोझा हे आडनाव वाचून मी क्षणभर थांबले, कारण आमच्या वाड्यावर तीन घरे याच आडनावाची आहेत. आमच्याकडे ते धर्मांतराबरोबर आले. वीदात ते फ्रान्सिस्को फेलिक्सच्या वंशजांकडे आहे, आणि मालकाचे आडनाव घेतलेल्या त्याच्या घरच्या गुलामांच्या वंशजांकडेही. शिवाय पोर्तुगीज गोव्यातही मोझांबिककडून आणलेले आफ्रिकन गुलाम श्रीमंत घरांत होते, हे आमच्या शाळेत आम्हाला कुणी शिकवले नाही.

किनारपट्टी

ताई, ही तारखांची जुळणी माझ्या लक्षात आली नव्हती. १९६७ साली त्या किल्ल्यात संग्रहालय सुरू झाले. अलीकडे त्याचे मोठे नूतनीकरण हाती घेतले गेले आहे, त्यामुळे जाण्यापूर्वी ते खुले आहे का याची चौकशी करावी.

आडनावांच्या बाबतीत आणखी एक प्रवाह आहे. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून गेलेल्यांपैकी काही जण सुटका झाल्यावर याच किनाऱ्यावर परतले. १८३५ साली बाहियामध्ये मुस्लिम गुलामांनी उठाव केला, त्यानंतर कित्येकांना हद्दपार केले गेले आणि कित्येक स्वतःहून निघाले. त्यांना इथे आगुदा म्हणतात. द आल्मेदा, द मेदेरोस, परायसो अशी त्यांची आडनावे आहेत, आणि त्यांच्या गवंड्यांनी बांधलेली नक्षीदार, रंगीत घरे आजही दिसतात. यातले काही परतलेले लोक पुढे स्वतः गुलामांच्या व्यापारात उतरले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते.

पाणपोई

धागा वाचनीय आहे, तथापि एक गोष्ट खटकली. राजा गेझो, योवोगान, परतलेले आगुदा यांवर इतका भर दिल्याने ‘त्यांच्याच लोकांनी त्यांना विकले’ हे युरोपला सोयीचे पडणारे वाक्य बळकट होते. जहाजे कुणाची होती, भांडवल कुणाचे होते, ऊस आणि तंबाखूचे मळे कुणाचे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे यायला हवे.

किनारपट्टी

आपला आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मूळ लेखनात ती बाजू खरोखर अपुरी राहिली. ज्या मागणीमुळे हा व्यापार उभा राहिला ती ब्राझील, कॅरिबियन बेटे आणि उत्तर अमेरिका यांतल्या मळ्यांची होती. बंदुका आणि दारूगोळा युरोपातून येत होता, आणि ज्या राज्याकडे बंदुका नाहीत त्याच्यावर शेजाऱ्याचे शिकार होण्याची पाळी येत होती. हुएदाचे तेच झाले. सावीच्या राजाने सगळ्या युरोपियांना व्यापाराची मोकळीक दिली होती, आणि १७२७ साली तो बुडत असताना त्यांच्यातले कुणीही त्याच्या बाजूने उभे राहिले नाही.

तरीही दाहोमेचा उल्लेख मी टाळणार नाही, कारण वीदात तो कुणी टाळत नाही. १९९९ साली बेनिनचे अध्यक्ष मात्यू केरेकू यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे जाऊन, या व्यापारातल्या आफ्रिकी सहभागाबद्दल कृष्णवर्णीय अमेरिकनांची क्षमा मागितली. २०२४ साली तिथल्या संसदेने गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला. ज्या देशाला युरोपकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते, त्याने हे केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

ब्रिटनबद्दल एक नोंद करतो. १८०७ साली स्वतःचा व्यापार बंद केल्यावर त्यांनी दाहोमेवर दबाव आणला, वीदाची नाकेबंदी केली आणि १८५२ साली गेझोकडून करार करून घेतला. त्यांना त्या काळी साबण आणि यंत्रांसाठी पामतेल हवे होते. ते तेल दाहोमेत बऱ्याच अंशी गुलामांच्याच श्रमांतून निघत असे, आणि त्याबद्दल कुणी नाकेबंदी केली नाही.

ओवीकाठी

पाणपोई यांच्या प्रतिसादावरून सुचले ते लिहिते. आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. दुष्काळात विकल्या गेलेल्या, पळवून आणलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या त्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या किमती रुपयांत लिहिलेल्या आहेत. ब्रिटिश भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला असलेले कायदेशीर संरक्षण काढून घेतले. अटलांटिकच्या व्यापाराचे प्रमाण आणि क्रौर्य वेगळे होते, त्याची बरोबरी मला करायची नाही. पण वीदाच्या मातीच्या रस्त्यावर पुतळे आहेत, आणि पुण्यात कुणबिणींच्या नावाचा एकही दगड नाही, हे मला या धाग्यामुळे प्रथमच जाणवले.

सायंतारा

आम्ही पुढील वर्षी घानाला नातेवाइकांकडे जाणार आहोत आणि तिथून रस्त्याने टोगोमार्गे वीदाला जाण्याचा विचार आहे. सोबत चौदा वर्षांची मुलगी असेल. तिला हे सारे झेपेल का, आणि किती दिवस ठेवावेत?

किनारपट्टी

ताई, चौदाव्या वर्षी झेपेल असे मला वाटते, मात्र आधी घरी बोलणे झालेले असावे. त्याच वाटेवर तिथल्या शाळांच्या सहली मी पाहिल्या, आणि त्यांत याहून लहान मुले होती. पिवळ्या तापाची लस आणि तिचे प्रमाणपत्र लागते. व्यवहार फ्रेंचमध्ये चालतो, म्हणून वाटाड्या इंग्रजी बोलणारा आहे ना हे आधी ठरवून घ्यावे. निदान दोन रात्री वीदात राहावे, म्हणजे पहिल्या सकाळी उन्हापूर्वी पायी समुद्रापर्यंत जाता येईल आणि दुसरा दिवस नुसत्या गावासाठी उरेल.

हे मुद्दाम सांगतो, कारण वीदा म्हणजे केवळ ते दुःख, असा समज करून घेऊन परतू नये. बॅसिलिकासमोर अजगरांचे देऊळ आहे आणि चर्च व देऊळ दोन्ही गजबजलेली असतात. क्पासे राजाच्या पवित्र वनात इरोकोचा प्रचंड वृक्ष आहे. राजाच त्या वृक्षाच्या रूपात राहिला अशी श्रद्धा आहे. १९२२ साली बांधलेल्या आजाव्हाँ वाड्यात आजच्या आफ्रिकी कलावंतांचे उत्तम संग्रहालय आहे. दर जानेवारीत १० तारखेच्या सुमारास व्होदुनचा राष्ट्रीय सण असतो आणि किनाऱ्यावर माणसांचा पूर लोटतो. इथून गेलेल्या माणसांनी हेच देव हैतीत आणि बाहियात नेले, आणि ते तिथे टिकले. म्हणून मला विस्मरणाच्या झाडापेक्षा त्या सणाची गर्दी अधिक बोलकी वाटते. पूजेच्या जागी विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये.

मुलीला एक गोष्ट अवश्य दाखवा. बेनिन आणि टोगोच्या किनाऱ्यावर मामी वाता या जलदेवतेची स्थाने आहेत आणि त्यांत भारतातून आलेली छापील देवचित्रे लावलेली आढळतात. तीन मुखांच्या दत्तात्रेयाला तिथे देन्सू नावाने ओळखतात. समुद्रापलीकडून येते ते केवळ संकट नसते, संपत्तीही असते, अशी या देवतेमागची धारणा आहे.

मोबाईलकर

मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबाईल शहरात राहतो; माझे सदस्यनाम त्यावरूनच घेतले आहे. या धाग्याचे दुसरे टोक माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. तरीही १८६० साली येथील टिमोथी मेहर या धनिकाने क्लोटिल्डा हे जहाज वीदाला पाठवले. त्यातून सुमारे ११० माणसे आणली गेली, आणि पुरावा नष्ट करण्यासाठी जहाज नदीच्या त्रिभुज प्रदेशात जाळून बुडवले. तिथे सापडलेले अवशेष त्याच जहाजाचे असल्याचे २०१९ साली निश्चित झाले. त्या माणसांत ओलुआले कोसोला नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण होता, पुढे कजो लुईस नावाने ओळखला गेलेला. दाहोमेच्या सैन्याने त्याच्या गावावर पहाटे हल्ला केला, वाचलेल्यांना चालवत किनाऱ्याकडे नेले आणि वीदात सुमारे तीन आठवडे कोंडून ठेवले. म्हणजे तुम्ही चाललात त्या चार किलोमीटरांवरून तो नक्की गेला. त्याला आपले गाव, आईवडील, लढाई, सारे शेवटपर्यंत आठवत होते आणि म्हातारपणी त्याने ते तपशिलाने सांगितले. १९३५ साली तो वारला.

१८६५ साली मुक्त झाल्यावर या लोकांना परत जायचे होते, पण प्रवासापुरते पैसे साठेनात. तेव्हा कोसोलाने मेहरकडे जमीन मागितली. आम्हाला तू आमच्या मुलखातून आणलेस, इतकी वर्षे फुकट राबवलेस, आता राहायला जागा दे, असे त्याचे म्हणणे होते. मेहरने नकार दिला. मग पुरुषांनी लाकडाच्या गिरण्यांत मजुरी केली, बायकांनी भाजीपाला विकला, आणि त्या पैशांतून त्यांनी जमिनीचे तुकडे विकत घेतले. तिथे वसवलेल्या वस्तीचे नाव त्यांनी आफ्रिकाटाउन ठेवले, आणि त्यांचे काही वंशज अजून तिथे राहतात.

किनारपट्टी

मोबाईलकर, कोसोलाला वीदात कुठल्या बाजूला कोंडले होते याचा काही उल्लेख तुमच्याकडे असेल तर कृपया कळवा. तो वाटाड्या अजून माझ्या संपर्कात आहे. तुमचा प्रतिसाद फ्रेंचमध्ये करून मी त्याला आज रात्री पाठवतो आहे.